उच्छ्वास लांबवण्याचे शास्त्र

शरीरातल्या बहुतेक आपोआप चालणाऱ्या कामांवर माणसाची सत्ता चालत नाही. हृदयाला सावकाश हो म्हणून सांगता येत नाही, जठराला पाचकरस आवरायला लावता येत नाही, रक्तवाहिन्यांना रुंद व्हा म्हणून बजावता येत नाही. श्वासाचे मात्र तसे नाही. झोपेत तो कुणाच्या आज्ञेवाचून चालतो आणि जागेपणी वाटेल तेव्हा रोखता, लांबवता, घाईचा करता येतो. त्याचा ठेका मेंदूच्या अगदी तळाशी, लंबमज्जेतल्या पेशींचे पुंजके सांभाळतात. त्याच ठेक्यात विचार करणाऱ्या मेंदूलाही हात घालता येतो. बोलणे, गाणे, हसणे, पाण्यात बुडी मारणे हे सारे त्यामुळेच जमते. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, प्रत्येक श्वासात अर्धा लिटरच्या आसपास हवा आत जाते आणि दिवसाकाठी ही ये-जा वीस हजारांच्या घरात भरते. एवढ्या वेळा घडणारी आणि तरीही हाती लागणारी दुसरी क्रिया शरीरात क्वचितच सापडते. मन शांत करण्याचा मार्ग शोधणाऱ्यांची नजर प्राचीन काळीच तिच्यावर पडली, यात नवल नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत प्राणायामाला वाहिलेली सूत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. दुसऱ्या पादात आसनानंतर त्याची पायरी येते. पण पहिल्या पादात चित्त प्रसन्न ठेवण्याचे जे उपाय सांगितले आहेत, त्यांतला एक आजच्या संशोधनाच्या दृष्टीने फार बोलका आहे. तिथे श्वास घेण्याचा उल्लेखच नाही. श्वास बाहेर सोडणे आणि मग आवरून धरणे एवढेच सांगितले आहे. पंधराव्या शतकात स्वात्मारामाने रचलेल्या हठप्रदीपिकेचा दुसरा उपदेश मुख्यतः प्राणायामावर आहे. सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा आणि प्लाविनी असे आठ कुंभक, म्हणजे श्वास रोखण्याचे प्रकार, त्यात वर्णिले आहेत. वायू हलला की चित्त हलते आणि तो थांबला की चित्तही थांबते, हा त्या उपदेशाचा पाया. त्याच्याच जोडीला एक ताकीद आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात, तसाच वायूही हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. आज प्राणायामाच्या शिबिरांत पहिला भाग आवर्जून ऐकवला जातो. दुसरा बहुधा राहून जातो.

या ग्रंथांचे उद्दिष्ट ताण घालवणे हे नव्हते. त्यांना कुंडलिनी जागवायची होती, समाधी साधायची होती, मृत्यूवर मात करायची होती. कचेरीतल्या दगदगीवरचा उतारा म्हणून ते वाचले, तर ते ना नीट कळतात ना त्यांना न्याय मिळतो. तरीही त्या मोठ्या प्रवासाच्या वाटेत मन निवते, हे त्यांच्या कर्त्यांना पक्के ठाऊक होते आणि तेवढाच भाग पुढे प्रयोगशाळेत पोचला.

महाराष्ट्रात आणि सीमाभागात ही विद्या आली ती मुख्यतः नाथांबरोबर. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा, आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात प्राणाच्या निरोधाचे व कुंडलिनीच्या उत्थानाचे वर्णन इतके तपशीलवार आहे की हठयोगाचे अभ्यासक आजही त्याकडे वळतात. निपाणीजवळ कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथांची यात्रा भरते आणि तिथली भाकणूक ऐकायला महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतली माणसे येतात. नाथांविषयीचा भक्तिभाव असा घरोघर पोचला, पण नाथांची साधना पोचली नाही. ती गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जायची वस्तू राहिली. मुंज झालेल्या मुलाला संध्येत नाक धरून करायचा प्राणायाम माहीत असे, पण तो बहुधा मंत्र उरकण्यापुरता. बेळगाव-कोल्हापूरच्या तालमींत पैलवानांचा दम वाढवला जाई, तो जोर-बैठकांनी.

ही गुप्त विद्या चव्हाट्यावर कशी आली, याच्या कथेत बेळगाव दोनदा डोकावते. पहिल्यांदा १८९२च्या ऑक्टोबरात. कोल्हापूरहून निघालेले विवेकानंद बेळगावात आले. आधी भाटे वकिलांच्या घरी आणि मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे त्यांचा मुक्काम झाला. मित्र यांनी पुढे आठवणी लिहिल्या आहेत. त्यांना नाना तऱ्हेची औषधे घेण्याची सवय होती. अंथरुणाला खिळवून टाकणारा आजार असेल तरच औषध घ्यावे, मज्जातंतूंच्या अशक्तपणासारखी दहांतली नऊ दुखणी मनाची असतात, असे विवेकानंदांनी त्यांना सुनावले. हे प्रमाण वैद्यकाच्या कसोटीवर टिकणारे नाही, पण चिंतेचे दुखणे शरीरात उतरते हे निरीक्षण नेमके होते. चारच वर्षांनी, १८९६ साली, न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या व्याख्यानांतून ‘राजयोग’ हे पुस्तक तयार झाले आणि प्राणायाम हा शब्द इंग्रजी वाचणाऱ्या जगाच्या कानावर पडला. बेळगावच्या किल्ल्यात आज रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे.

दुसरा प्रसंग १९३६च्या सुमाराचा. म्हैसूरच्या राजाश्रयाने योग शिकवणारे टी. कृष्णम्माचार्य आपल्या शिष्यांना घेऊन हुबळी, धारवाड, बेळगाव अशा दौऱ्यावर आले होते. प्रात्यक्षिके दाखवणाऱ्या मुलांत बी. के. एस. अय्यंगार होते. लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर असे सगळे भोगून झालेला, सतरा-अठरा वर्षांचा किडकिडीत मुलगा. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी ही प्रात्यक्षिके पाहिली. पुढे ते पुण्यात आले आणि त्यांच्या खटपटीमुळे १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर योग शिकवण्यासाठी अय्यंगारांना बोलावणे गेले. सहा महिन्यांसाठी आलेले अय्यंगार २०१४मध्ये निधन होईपर्यंत पुण्याचेच राहिले. शरीर मला माहीत आहे, ते समजावणे माझ्याकडे सोडा, अशा भूमिकेतून गोखले शरीररचना सांगत आणि अय्यंगार आसने करून दाखवत. एका सर्जनला योगात तपासून पाहण्यासारखे काही दिसले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

तपासण्याचे खरे काम तोवर लोणावळ्याला सुरू झालेले होते. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलेले आणि नर्मदाकाठच्या माधवदासजींकडे योग शिकलेले हे गृहस्थ. गुरूने दिलेली विद्या क्ष-किरणयंत्राखाली आणि दाबमापकापुढे उभी करायला ते कचरले नाहीत. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना पोटात खरोखर निर्वात दाब तयार होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जे मोजमापात बसले नाही, तेही त्यांनी लपवले नाही.

प्राणायामाने रक्तात भरपूर प्राणवायू जातो, हे वाक्य आजही दर दुसऱ्या व्याख्यानात ऐकू येते. कुवलयानंदांनी ते जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच बाजूला ठेवले. प्राणायामाचे मोल जास्तीच्या प्राणवायूत नाही, मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आजचे शरीरशास्त्र त्याला दुजोरा देते. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९५ टक्क्यांहून अधिक प्राणवायूने भरलेले असते. त्यात आणखी भरायला जागा जवळपास नसतेच. करोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घराघरांत आले, तेव्हा कुणालाही हे पडताळून पाहता आले असते. येल विद्यापीठातले संशोधक कोवूर बेहानन हे लोणावळ्याला राहून योग शिकले आणि त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात शरीराने वापरलेल्या प्राणवायूचे आकडे आहेत. उज्जायीत सुमारे साडेचोवीस टक्के, भस्त्रिकेत साडेअठरा टक्के आणि कपालभातीत बारा टक्के वाढ. रक्तात साठा वाढल्याचे हे लक्षण नव्हे, स्नायूंना श्रम पडल्याचे आहे.

योग्यांच्या हृदय थांबवण्याच्या दाव्याचीही अशीच छाननी झाली. फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस १९३५ साली हृदयाचा आलेख काढणारे यंत्र बरोबर घेऊन भारतात आल्या आणि एका योग्याचे ठोके जवळपास नाहीसे झाल्याची नोंद घेऊन गेल्या. बावीस वर्षांनी अमेरिकेतले बसू बागची आणि मॅरियन वेंगर भारतभर फिरले. दिल्लीच्या बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध १९६१ साली ‘सर्क्युलेशन’मध्ये छापून आला. श्वास कोंडून छाती आणि पोटाचे स्नायू घट्ट आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त रोडावते, नाडी हाताला लागत नाही आणि स्टेथोस्कोपमधून काही ऐकू येत नाही. विद्युत आलेख मात्र चालूच असतो. हृदय थांबलेले नसते, त्याचा आवाज तेवढा थांबलेला असतो. चमत्कार असा गेला आणि हाती एक धागा उरला. श्वासात फेरफार केला की रक्ताभिसरणात तत्काळ फेरफार होतो.

ताण या कल्पनेला शास्त्रीय आकार याच काळात येत होता. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली लढा किंवा पळा ही प्रतिक्रिया मांडली. हान्स सेली यांनी १९३६च्या जुलैमध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या छोट्या टिपणात दाखवले की थंडी, जखम, विष, अतिश्रम अशा वेगवेगळ्या त्रासांना प्राण्याचे शरीर एकाच साच्याने उत्तर देते. हे उत्तर स्वायत्त मज्जासंस्थेच्या अनुकंपी शाखेमार्फत आणि अधिवृक्क ग्रंथींतून सुटणाऱ्या अॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल या संप्रेरकांमार्फत जाते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, श्वास वरवरचा आणि घाईचा होतो. समोर कोल्हा-लांडगा असेल तेव्हा हे सगळे जीव वाचवते. कर्जाचा हप्ता, मुलाचा निकाल, कोर्टाची तारीख अशा गोष्टींपुढे ना लढता येते ना पळता येते, आणि शरीर दिवसेंदिवस त्याच तयारीत ताटकळत राहते. दुसरी शाखा परानुकंपी. तिची मुख्य वाहिनी म्हणजे मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसे आणि आतड्यांपर्यंत उतरणारी व्हेगस ही मज्जातंतूंची जुडी. ती हृदयावर लगामाचे काम करते.

श्वास आणि हा लगाम यांचे नाते कार्ल लुडविग यांनी १८४७ सालीच नोंदवले होते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद पडतात आणि बाहेर सोडताना किंचित सावकाश. मनगटावर बोटे ठेवून संथ श्वास घेतला, तर पुष्कळांना हा फरक जाणवतोही. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगसचा जोर वाढतो, म्हणून असे होते. उच्छ्वास लांबवला की प्रत्येक आवर्तनात लगाम ओढलेला राहण्याचा काळ वाढतो. ठोक्या-ठोक्यांमधल्या अंतरात होणारा हा चढउतार जितका मोकळा, तितकी मज्जासंस्था परिस्थितीशी जुळवून घेण्यात तरबेज, असे आता मानले जाते. काही मनगटी घड्याळांतही त्याचे मापन येऊ लागले आहे.

गतीचाही यात मोठा वाटा आहे. मानेतल्या रोहिण्यांच्या आणि हृदयाजवळच्या महारोहिणीच्या भिंतीत रक्तदाब जोखणारे संवेदक असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू ठोके मंदावतो आणि रक्तवाहिन्या सैल करतो, मग दाब उतरतो आणि उलट फेरी सुरू होते. या फेरीला सुमारे दहा सेकंद लागतात. मिनिटाला सहा श्वास घेतले तर एका श्वासालाही दहाच सेकंद लागतात. झोपाळा परतीच्या टोकाला आला की नेमक्या क्षणी दिलेला हलका झोकाही त्याला उंच नेतो, तसे इथे घडते. श्वासाची लय आणि दाबाची लय एकमेकींत मिसळतात, ठोक्यांचा चढउतार सर्वात मोठा होतो आणि दाबाचे संवेदक अधिक तल्लख होतात. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ निरोगी माणसांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कॅथलिकांची लॅटिन जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा, श्वासाची गती आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास येत होती. वेगवेगळ्या धर्मांतल्या जपांना एकच लय सापडावी, हा त्या निबंधातला सर्वात मनोरम भाग. श्वास मोजायला न शिकवताही माणसांना ही लय गवसली होती.

गाणे हाही लांब उच्छ्वासाचाच व्यापार आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व यांना ऐन उमेदीत क्षयाने गाठले आणि एक फुप्फुस निकामी झाले. काही वर्षे गाणे बंद राहिले. त्यानंतर त्यांनी जी गायकी उभी केली, तिच्यातल्या छोट्या, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांचा संबंध जाणकार या उरलेल्या श्वासाशी जोडतात. प्रतिभा फुप्फुसात नसते हे खरे, पण श्वास किती आणि कुठे खर्चायचा याचा हिशेब गवयाइतका कुणी करत नाही.

संथ श्वास घेण्यात काटकसरही आहे, ती साध्या गणिताने कळते. प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचत नाही. मिनिटाला ५०० मिलिलिटरचे १५ श्वास घेतले तर साडेसात लिटर हवा आत जाते, पण कामी येते सव्वापाच लिटर. तेवढीच साडेसात लिटर हवा १२५० मिलिलिटरच्या सहा श्वासांत घेतली तर ६ लिटर ६०० मिलिलिटर कामी येते. म्हणजे संथ श्वासाला एकूण हवा कमी पुरते. छातीपेक्षा पोट हलवणारा, श्वासपटलाचा श्वास शिकवतात तो याचमुळे. त्यात मोठा श्वास थोड्या श्रमात येतो.

मेंदूतला दुवा अलीकडे सापडला. लंबमज्जेतल्या प्री-बॉट्झिंगर नावाच्या पुंजक्यातून श्वासाचा ठेका निघतो, हे १९९१ साली ठरले होते. स्टॅनफर्ड आणि लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २०१७ साली उंदरांच्या या पुंजक्यात सुमारे १७५ पेशींचा असा गट ओळखला, जो ठेका बनवत नाही, त्याची खबर मेंदूला जागे ठेवणाऱ्या केंद्राला पोचवतो. त्या पेशी काढून टाकल्यावर उंदीर श्वास घेत राहिले, पण एरवीची धावपळ आणि हुंगाहुंगी सोडून स्वस्थ बसू लागले. घाईचा श्वास मेंदूला चेतवत असतो आणि संथ श्वास ती खबर पाठवणे कमी करतो, असा याचा अर्थ लावला जातो. उंदरांवरून माणसांवर उडी मारताना सावध राहावे लागते. तरी हठप्रदीपिकेतल्या वायू आणि चित्ताच्या जोडीला शरीरात पहिल्यांदाच पत्ता मिळाला, असे म्हणायला हरकत नाही.

प्राणायामाचे सगळे प्रकार ताणावर सारखेच लागू पडत नाहीत, हे या यंत्रणेवरून उघड आहे. अनुलोम-विलोमात एका वेळी एकच नाकपुडी उघडी असते. वाट निम्मी झाली की श्वास आपोआप मंदावतो आणि बोटे बदलण्याचे भान ठेवावे लागते, त्यामुळे मनही भरकटत नाही. भ्रामरीत गुंजारव करत श्वास सोडायचा असतो आणि उच्छ्वास लांबवल्याशिवाय गुंजन लांबत नाही. स्वीडनच्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ साली दाखवले की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू नुसत्या उच्छ्वासाच्या पंधरापट होतो. या आकड्याचा भ्रामरीच्या प्रचारात मुबलक वापर होतो, पण त्याचा थेट संबंध नाकाच्या आणि सायनसच्या पोकळ्यांतल्या हवेच्या येण्याजाण्याशी आहे. मन निवण्याचे श्रेय लांबलेल्या उच्छ्वासाला देणेच अधिक सरळ.

कपालभाती आणि भस्त्रिका या उलट टोकाच्या क्रिया. कपालभाती तर हठप्रदीपिकेत प्राणायामात धरलेलीच नाही, ती नेती-धौतीच्या रांगेत षट्कर्मांत आहे. वेगाने श्वास फेकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोके हलके होते, हातापायांना मुंग्या येतात. पुष्कळजण याला शक्ती संचारली असे समजतात. या क्रिया तरतरी आणणाऱ्या आहेत. आधीच धडधड असलेल्या माणसाला निवांत करण्यासाठी त्या देणे उफराटे आहे. २००४ साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात, जोरकस कपालभातीनंतर एका २९ वर्षांच्या बाईच्या फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठल्याची नोंद आली आहे. असे क्वचितच घडते. पण उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, हर्निया, काचबिंदू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी या दोन क्रियांपासून आणि श्वास कोंडून धरण्यापासून दूर राहावे, हे शिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

फायदा किती होतो? २०२३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये श्वसनाच्या विविध पद्धतींवरच्या १२ चाचण्यांचा, एकूण ७८५ प्रौढांचा एकत्रित आढावा आला. ताण कमी झाल्याचे दिसले, पण परिणाम लहान ते मध्यम होता आणि बऱ्याच चाचण्यांची आखणी कच्ची होती. त्याच वर्षी त्याच चमूने ४०० जणांवर काटेकोर चाचणी केली. निम्म्यांना मिनिटाला साडेपाच श्वास आणि निम्म्यांना मिनिटाला बारा श्वास, रोज दहा मिनिटे, चार आठवडे. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. स्टॅनफर्डच्या चाचणीत मात्र रोज पाच मिनिटे, महिनाभर, वेगवेगळे प्रकार करून पाहिले गेले. चिंता सगळ्याच गटांत उतरली, पण मनःस्थितीत सर्वाधिक सुधारणा झाली ती उच्छ्वास लांबवणाऱ्या गटात. त्यांचा प्रकार म्हणजे जवळजवळ उसासाच होता. नाकाने एक श्वास, त्यावर आणखी थोडा, आणि मग तोंडाने सावकाश सोडणे. माणूस नकळत दर पाचेक मिनिटांनी एक उसासा टाकतोच, मिटू लागलेले वायुकोश त्याने उघडतात. हे तीनही निकाल शेजारी ठेवून पाहिले की एवढे म्हणता येते की श्वासाच्या नेमक्या आकड्याला फार महत्त्व नाही. रोज काही मिनिटे स्वस्थ बसून श्वासाकडे लक्ष देणे आणि तो सोडताना घाई न करणे, यातच बहुतेक लाभ आहे. त्यापलीकडचे दावे, मग ते मधुमेह बरा करण्याचे असोत की कर्करोग, या पुराव्यात कुठेही बसत नाहीत.

कुवलयानंदांनी नवशिक्यांसाठी ठेवलेले प्रमाण पूरक म्हणजे श्वास घेणे एक, तर रेचक म्हणजे सोडणे दोन असे आहे. परंपरेतले एक, चार, दोन हे प्रमाण, ज्यात मधला चार म्हणजे श्वास कोंडणे, त्यांनी सर्वसामान्यांच्या गळ्यात मारले नाही. अय्यंगारांची कहाणीही याबाबतीत उपयोगी आहे. छाती दुबळी म्हणून गुरूंनी त्यांना प्राणायाम शिकवायचे नाकारले. मग पुण्यात एकट्याने, चुकतमाकत, वर्षानुवर्षे त्यांनी तो घडवला. १९८१ साली आलेल्या ‘लाइट ऑन प्राणायाम’मध्ये सुरुवात पाठीवर झोपून करायला सांगितली आहे, ती त्या अनुभवातूनच. पाठीचा कणा ताठ धरण्याचे श्रम वाचले की श्वासावर जबरदस्ती होत नाही. घरी करायचे तर एवढे पुरते. जेवणानंतर दोन-तीन तासांनी, नाकाने, चार आकड्यांत श्वास आत, सहा ते आठ आकड्यांत बाहेर, पाच मिनिटे. दम लागला किंवा हवा अपुरी वाटली तर आकडे कमी करायचे. काही माणसांना, विशेषतः घबराटीचे झटके येणाऱ्यांना, श्वासाकडे लक्ष दिले की जास्तच गुदमरल्यासारखे होते. त्यांनी डोळे उघडे ठेवून सावकाश चालणे बरे, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे त्याहून बरे.

निपाणीत श्वासाचा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. इथल्या तंबाखूच्या वखारींत पिढ्यान् पिढ्या बायका पाला निवडण्याचे, चाळण्याचे काम करत आल्या आहेत, आणि त्या कामात तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते. अशा जागी खोल श्वास घेणे म्हणजे धूळ अधिक खोल ओढणे. प्राणायाम करायचा तो कामावरून सुटल्यावर, मोकळ्या हवेत. वखारीत आधी हवा खेळती हवी आणि तोंडावर फडके नव्हे, धूळ अडवणारा मास्क हवा. ताणाचे कारण बाहेर असते, तेव्हा उपायही बाहेरच करावा लागतो. १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून निपाणीचा महामार्ग शेतकऱ्यांनी अडवला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा जण गेले. त्या शेतकऱ्यांच्या चिंतेवर श्वास हे उत्तर नव्हते.

धूळ आणि धुराने ज्यांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत, त्यांनी फवाऱ्याचे औषध बंद करून प्राणायामावर विसंबणे धोक्याचे आहे. औषधाला जोड म्हणून मात्र छातीच्या रुग्णालयांतले भौतिकोपचारतज्ज्ञ त्यांना श्वासाचा एक व्यायाम शिकवतात. नाकाने श्वास घ्यायचा, मग ओठांचा चंबू करून, घेतल्याच्या दुप्पट वेळात तो सोडायचा. ओठांशी झालेल्या अडथळ्यामुळे श्वासनलिकांत थोडा दाब टिकतो, त्या अकाली मिटत नाहीत, अडकलेली हवा बाहेर पडते आणि जिना चढताना लागलेली धाप लवकर बसते.